माइनक्राफ्टमधल्या पेट्या स्क्रिप्टने लावल्या, आणि मग काय झालं

(नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर. मधले 'अं', 'म्हणजे' आणि शेजारच्या प्रेशर कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, जिथं असाल तिथं इअरफोन नीट लावा. आज आपण गेमबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच पुढं ढकलू नका. गेम खेळत नसाल तरी ऐका, कारण गेमचं नाव माइनक्राफ्ट असलं तरी विषय तुमच्या-माझ्या कामाचा आहे. एखादं कंटाळवाणं काम स्क्रिप्ट लिहून मशीनकडं कसं सोपवायचं, हा विषयाचा पहिला भाग. आणि सोपवल्यावर त्या कामावर आधी जो माणूस होता त्याचं काय होतं, हा दुसरा. पहिला भाग मला आधीपासून येत होता. दुसरा शिकायला एक मित्र दुखवावा लागला.

कोठीची खोली

२०२१ चा उन्हाळा आठवा. दुसरी लाट, सगळं बंद. बीटेक होऊन माझी नोकरी नुकतीच सुरू झालेली आणि ऑफिस म्हणजे घरातल्या डायनिंग टेबलचा एक कोपरा. कॉलेजच्या हॉस्टेलमधले आम्ही सहा जण. सहा जण सहा गावांत अडकलेले. एकानं माइनक्राफ्टचा सर्व्हर लावला आणि रोज रात्री जेवणं झाली की आम्ही तिथं भेटायला लागलो.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. तुम्ही खणता, लाकूड तोडता, मिळालेल्या मालातून वस्तू बनवता आणि घरं बांधता. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

आता खणलं की माल येतो. तुमच्या अंगावर ३६ खाने असतात. एका खान्यात एकाच जातीच्या वस्तू, बहुतेक वस्तू ६४ पर्यंत. काही वस्तू १६ पर्यंतच, आणि तलवार, कुदळ असली अवजारं एका खान्यात एकच. माल ठेवायला पेटी, म्हणजे चेस्ट. तिच्यात २७ खाने. दोन पेट्या शेजारी जोडल्या की ५४. ऐकायला भरपूर वाटतं. पण सहा माणसं रोज रात्री दोन तास खणत असतील तर आठवड्यात काय होतं? गावातल्या लग्नानंतर भांड्यांच्या खोलीचं जे होतं तेच. दगड सगळीकडं, लोखंड चार पेट्यांत थोडं थोडं, आणि काच नेमकी हवी तेव्हा कुठंच नाही.

आमच्याकडं एका मित्रानं हे काम स्वतःकडं घेतलं. त्याचं खरं नाव सांगत नाही, आम्ही त्याला गोडाउनवाला म्हणायचो. बीटेक झालेला, पण कॅम्पसमध्ये मिळालेली ऑफर कंपनीनं लॉकडाउनमध्ये पुढं ढकलली, मग रद्दच केली. तो घरी, लातूरकडं. आम्ही नऊ वाजता यायचो तेव्हा तो आधीच आलेला असायचा. दुपारीच येऊन पेट्या लावून ठेवायचा. प्रत्येक पेटीवर पाटी. 'दगड', 'लाकूड', 'शेतीचं', 'राक्षसांकडून मिळालेलं'. आम्ही बोलता बोलता विचारायचो, "अरे, काच कुठंय?" आणि तो लगेच, "डावीकडून तिसरी, वरची. आणि सगळी नेऊ नकोस, मला खिडक्यांना लागणारे."

हे मी आत्ता सांगतोय ते लक्षात ठेवा. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आधी बिनकोडचा उपाय

मी प्रोग्रामर. मला ती खोली बघून एकच गोष्ट दिसायची, की हे आपोआप व्हायला पाहिजे.

गेममध्ये यासाठी कोड न लिहिताही उपाय आहे, आणि तुम्ही मोबाइलवर खेळत असाल तर हाच तुमच्या कामाचा. हॉपर नावाचं एक लोखंडी नरसाळं असतं. ते वरून वस्तू घेतं आणि खाली किंवा बाजूला देतं. गेमचं घड्याळ सेकंदाला २० टिचक्या मारतं, हॉपर दर ८ टिचक्यांना एक वस्तू सरकवतो. म्हणजे सेकंदाला अडीच.

या हॉपरची चाळणी कशी करायची? हॉपरमध्ये पाच खाने. पहिल्यात तुम्हाला हव्या त्या वस्तूचे ४१ नग ठेवा, समजा लोखंड. उरलेल्या चार खान्यांत एकेक फालतू वस्तू, जिचं नाव बदलून ठेवलंय, म्हणजे तसली दुसरी कुठून येणारच नाही. झाले ४५ नग. पाचही खाने अडलेले, त्यामुळं लोखंडाशिवाय आत काही शिरू शकत नाही. आता हॉपरला कंपॅरेटर लावायचा. तो हॉपर किती भरलाय हे मोजून तेवढ्या ताकदीचा रेडस्टोन सिग्नल देतो. पूर्ण भरलेला हॉपर म्हणजे ३२० नग, तेव्हा सिग्नल १५. आपल्या ४५ नगांना सिग्नल येतो २. शेहेचाळीसावं लोखंड आत पडलं की सिग्नल ३ होतो. त्या तीनवर खालच्या हॉपरचं कुलूप उघडतं, एक लोखंड खाली पेटीत पडतं, आकडा परत ४५, कुलूप बंद.

ते ४१ कुठून आले ते आता कळलं ना? सगळे व्हिडिओ सांगतात 'एक्केचाळीस ठेवा', का ते फार कमी सांगतात. हिशेब करा: ३२० ला १४ नं भागा आणि दोननं गुणा, येतात ४५.७ च्या आसपास. म्हणून ४५ ला तीन होत नाही आणि ४६ ला होतो. बस, एवढंच.

अडचण अशी की प्रत्येक वस्तूला वेगळी चाळणी. शंभर जातींचा माल असेल तर शंभर चाळण्या. आणि बनवायचं काम? आता २०२४ च्या १.२१ आवृत्तीत क्राफ्टर नावाचा ठोकळा आलाय, तो सिग्नल मिळाला की ठरलेली वस्तू बनवतो. आमच्या वेळी तो नव्हता. (आमच्या वेळी म्हणे! अजून तिशी गाठली नाही आणि आजोबांसारखा बोलायला लागलो.)

गेमच्या आतला कॉम्प्युटर

मग मी सर्व्हरवर एक मॉड टाकायला लावला. कॉम्प्युटरक्राफ्ट. डॅनियल रॅटक्लिफ नावाच्या प्रोग्रामरनं तो २०११ मध्ये काढला, आणि पुढं त्याचीच वाढवलेली आवृत्ती सीसी ट्वीक्ड या नावानं चालू राहिली. हा कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीवर चालतो, फोनवरच्या आवृत्तीवर नाही. या मॉडमुळं गेमच्या जगात तुम्ही खराखुरा कॉम्प्युटर ठेवू शकता. त्याच्यावर लुआ भाषेत प्रोग्राम लिहायचा. लुआ ही ब्राझीलमध्ये, रिओच्या एका विद्यापीठात १९९३ साली तयार झालेली भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. छोटी, सोपी, आणि गेमच्या जगात फार वापरली जाते.

कॉम्प्युटरशिवाय अजून एक गंमत मिळते, टर्टल. चालता-फिरता रोबो. नाव बघून काही आठवलं? आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोगो केलंय. फॉरवर्ड शंभर, राइट नव्वद, आणि कासव चौकोन काढायचं. १९६७ सालच्या त्या लोगो भाषेतल्या कासवाच्याच घराण्यातलं हे. फक्त हे रेषा काढत नाही, खणतं आणि वस्तू बनवतं.

जोडणी अशी. प्रत्येक पेटीला एक वायर्ड मोडेम चिकटवायचा, सगळे मोडेम केबलनं कॉम्प्युटरला जोडायचे. मोडेमवर राइट क्लिक केलं की त्या पेटीला नेटवर्कवर एक नाव मिळतं. चेस्ट शून्य, चेस्ट एक, चेस्ट दोन. यानंतर तुम्हाला फक्त दोन फंक्शनं लागतात. एक 'लिस्ट'. पेटीला विचारायचं, तुझ्यात काय आहे? ती सांगते: खाना एक, दगड, ६४. खाना पाच, काच, १२. रिकामे खाने ती मोजतच नाही. दुसरं 'पुश आयटम्स'. अमुक खान्यातले एवढे नग तमुक पेटीत टाक.

बस. पेट्या लावायची अख्खी स्क्रिप्ट या दोन गोष्टींवर उभी आहे. एक आवक पेटी, जिच्यात सगळ्यांनी येऊन माल ओतायचा. एक नियमांचा तक्ता, की कुठली वस्तू कुठल्या पेटीत. आणि एक लूप: आवक पेटीची यादी घे, प्रत्येक खान्यासाठी तक्ता बघ, ढकल. तक्त्यात नाव नसेल तर 'इतर' नावाच्या पेटीत. पन्नास ओळीसुद्धा नाहीत.

पहिल्या दिवशी ती चालली, पण कासवाच्या गतीनं. कारण असं की पेटीशी बोलणारा प्रत्येक कॉल गेमच्या पुढच्या टिचकीची वाट बघतो, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. आमच्या ४० पेट्या नुसत्या बघायलाच दोन सेकंद. त्यात सहाशे ढीग हलवायचे तर अजून तीस सेकंद. उपाय म्हणजे एकामागून एक विचारायचं नाही, सगळ्यांना एकदम विचारायचं. लुआमध्ये त्याला 'पॅरलल' आहे. एका टिचकीत चाळीसही पेट्यांची उत्तरं येतात. ऑफिसात आपण नेटवर्क कॉलसाठी नेमकं हेच करतो. आपला प्रोग्राम बऱ्याचदा गणितात अडकलेला नसतो, नुसता ताटकळत उभा असतो, हे मला या गेमनं शिकवलं.

बनवायची गोष्ट

पेट्या झाल्या, मग मला चेव आला. मला आता वस्तू पण आपोआप हव्या होत्या. कॉम्प्युटरवर 'हॉपर, ६४' टाइप करायचं आणि चहा आणायला जायचं.

टर्टलला वर्कबेंच जोडला की तो वस्तू बनवतो. त्याच्याकडं १६ खाने, चार बाय चार. बनवताना त्यातला डावीकडचा वरचा तीन बाय तीनचा चौकोन वापरायचा, म्हणजे खाने १, २, ३, मग ५, ६, ७, मग ९, १०, ११. बाकीचे खाने रिकामेच पाहिजेत, नाहीतर तो नकार देतो. मी पहिल्यांदा ४ नंबरच्या खान्यात माल ठेवला आणि अर्धा तास डोकं खाजवत बसलो.

खरी मजा हिशेबात आहे. हॉपरला काय लागतं? पाच लोखंड आणि एक पेटी. पेटीला आठ फळ्या. एका ओंडक्याच्या चार फळ्या. म्हणजे ६४ हॉपरना ३२० लोखंड, ६४ पेट्या, त्यांना ५१२ फळ्या, त्यांना १२८ ओंडके. प्रोग्राम स्वतःलाच विचारत खाली जातो: हे आहे का? नसेल तर कशापासून बनतं? ते आहे का? याला रिकर्शन म्हणतात, आणि कॉलेजात ज्यांना ते कधीच कळलं नाही त्यांनी हा हिशेब वहीत करून बघा. दहा मिनिटांत डोक्यात बसतं.

पण यात दोन खड्डे आहेत, आणि मी दोन्हीत पडलो.

पहिला खड्डा. नऊ लोखंडांची एक लादी बनते, आणि एका लादीची परत नऊ लोखंडं. माझ्या प्रोग्रामला लोखंड हवं होतं. संपलेलं. त्यानं बघितलं, लोखंड लादीपासून बनतं. लादी आहे का? नाही. लादी कशापासून बनते? लोखंडापासून. लोखंड आहे का? नाही... आणि गेला खोल विहिरीत. स्टॅक ओव्हरफ्लो. उपाय सोपा: आत्ता मी कुठल्या कुठल्या वस्तूच्या शोधात आहे त्याची यादी जवळ ठेवायची. तेच नाव परत आलं तर तो रस्ता सोडायचा.

दुसरा खड्डा जास्त फसवा. लाकडी कुदळीला तीन फळ्या आणि दोन काड्या लागतात. दोन फळ्यांच्या चार काड्या होतात. माझ्याकडं पेटीत चारच फळ्या. प्रोग्राम विचारतो: तीन फळ्या आहेत का? आहेत, चार आहेत. काड्या बनवायला दोन फळ्या आहेत का? आहेत, चार आहेत. सगळं ठीक, चला बनवू! आणि मध्येच अडकला. कारण लागणार होत्या पाच. तेच चार रुपये दोन खिशांत मोजले. घरखर्चात आपण हे नेहमी करतो, पगारातून भाडंही जाईल आणि ईएमआयही जाईल, आणि वीस तारखेला कळतं की दोन्ही एकाच पैशातून मोजलं होतं. उपाय असा की एखादी गोष्ट 'आहे' म्हटली की लगेच ती राखून ठेवायची, शिल्लकेतून वजा करायची, आणि पुढचा प्रश्न उरलेल्या शिल्लकेलाच विचारायचा. सामान हलवण्याआधी अख्खी योजना कागदावर पूर्ण झाली पाहिजे.

शनिवारी रात्री मी सगळ्यांना बोलावलं आणि टाइप केलं. केबलमधून माल फिरला, टर्टलनं खट खट केलं, ६४ हॉपर पेटीत. सगळे ओरडले. "भावा, काय केलंस हे!" मला खरंच फार भारी वाटलं.

गोडाउनवाला म्हणाला, "मस्त रे." एवढंच.

आठवणींची पेटी

स्क्रिप्ट नवीन होती म्हणून जुना सगळा माल मी एकदा तिच्यातून काढायचं ठरवलं. रात्री दीडला सगळ्या पेट्यांवर चालवली आणि झोपलो.

कोपऱ्यात एक पेटी होती, तिच्यावर पाटी नव्हती. मला वाटलं असेल काहीतरी भंगार. त्या पेटीत गोडाउनवाल्यानं आम्हा प्रत्येकाचं पहिलं अवजार जपून ठेवलं होतं. कुणाची मोडायला आलेली कुदळ, कुणाची दगडी कुऱ्हाड, एकाचं धनुष्य. ऐरणीवर नेऊन प्रत्येकाला नाव दिलेलं. माझ्या कुदळीचं नाव होतं 'व्हायव्हा फेल'. इतिहास मोठा आहे, तो आज नको.

माझ्या स्क्रिप्टला वस्तूचं फक्त मूळ नाव दिसत होतं. दगडी कुदळ म्हणजे दगडी कुदळ. खरं तर 'लिस्ट' तुम्हाला अजून एक गोष्ट देतं. वस्तूला वेगळं नाव दिलेलं असेल, जादू लावलेली असेल, झिजलेली असेल, तर त्या जादा माहितीचा एक हॅश सोबत येतो. मी तो वाचलाच नव्हता. गरज वाटली नाही. त्यामुळं सगळी अवजारं अवजारांच्या पेटीत जाऊन पडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी त्या पेटीतून हाताला लागेल ती कुदळ उचलली आणि खणायला गेला. झिजलेली होतीच, मोडली. दोन-तीन गोष्टी अशाच गेल्या.

कुणी भांडलं नाही. गेमच आहे शेवटी. पण त्यानंतर गोडाउनवाला यायचा कमी झाला. आधी दुपारी येणं बंद झालं. मग रात्री पण एक दिवसाआड. मग नाहीच.

मला वाटलं, त्या अवजारांमुळं रुसलाय. पंधरा दिवसांनी फोन केला आणि सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "अरे, कुदळीचं काय घेऊन बसलास." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाला, "मला त्या पेट्या लावायला आवडायचं रे. घरी दिवसभर सगळे विचारतात, काय करतोयस. तिथं तुम्ही विचारायचात, काच कुठंय."

मंडळी, हे वाक्य मी चार वर्षं विसरलेलो नाही.

मी काय केलं होतं बघा. ज्या कामाचा मला कंटाळा होता, ते काम मी काढून टाकलं. पण ते काम माझं नव्हतंच. मी एकदा पण त्याला विचारलं नव्हतं, तुला यातलं काय नकोसं वाटतं, काय ठेवायचंय. सहा जणांत मी एकटाच होतो ज्याला वाटत होतं की इथं काहीतरी प्रॉब्लेम आहे.

आता इथं खोटा गोड शेवट सांगत नाही. मी स्क्रिप्ट बंद करू का म्हणून विचारलं. तो म्हणाला, "नको, आता सगळ्यांना सवय झाली." मग मी त्याला नियमांचा तक्ता दाखवला. साधी टेक्स्ट फाइल होती, डावीकडं वस्तू, उजवीकडं पेटी. तो काही दिवस परत आला, फाइलमध्ये स्वतःचे नियम घातले, 'ह्या पेटीला हात लावू नये' अशी एक यादी त्यानंच सुचवली. पण दुपारी येऊन बसणं काही परत सुरू झालं नाही. पुढं आमची ऑफिसं सुरू झाली, सर्व्हर बंद पडला. त्याला वर्षभरानं नोकरी लागली. आमचं बोलणं होतं, चांगलं होतं. पण त्या उन्हाळ्यातला त्याचा एक आधार मी हौसेपायी काढून घेतला, हे आहेच.

ऑफिसातली आठवणींची पेटी

दोन वर्षांनी ऑफिसात माझ्याकडं एक काम आलं. एक सीनियर मॅडम रोज सकाळी दीड तास बसून एक एक्सेल तयार करायच्या. ऑर्डरी एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये. मला सांगितलं, स्क्रिप्ट लिही, दोन दिवसांचं काम आहे.

खरंच दोन दिवसांचं होतं. पण मी पहिला दिवस नुसता त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, "मॅडम, तुम्ही करा, मी बघतो." अर्ध्या तासात त्यांनी चार ओळी हातानं बाजूला काढल्या. मी विचारलं, ह्या का? त्या म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक महिन्याच्या शेवटी फोन करून ऑर्डर बदलतंच. आधीच पुढं पाठवली तर माल परत येतो." हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. हीच ती पाटी नसलेली पेटी. न विचारता स्क्रिप्ट लिहिली असती तर ती बरोबर चालली असती आणि तरी चुकली असती.

मग मी हेही विचारलं की यातलं कुठलं काम गेलं तर तुम्हाला बरं वाटेल. त्या हसल्या. म्हणाल्या, "कॉपी-पेस्ट ने. पण शेवटची नजर माझी राहू दे." तसंच केलं. स्क्रिप्ट तयारी करते, संशयाच्या ओळी वेगळ्या काढते, पाठवा हे बटण त्या दाबतात. दीड तासाचं काम वीस मिनिटांवर आलं आणि कुणाची खुर्ची हलली नाही. प्रत्येक ठिकाणी असं जमतं असं मी म्हणत नाही. कधी कधी खुर्ची हलतेच, आणि ते ठरवणारे आपण नसतो. पण शेजारी बसून विचारणं आपल्या हातात असतं.

तुम्ही सुरुवात कुठून कराल

आता कामाचं. फोनवर माइनक्राफ्ट खेळत असाल तर आज रात्री ती ४१ अधिक ४ वाली चाळणी बांधा. एकच, एकाच वस्तूची. घरात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर असेल आणि जावा आवृत्ती असेल तर सीसी ट्वीक्ड टाका, दोन पेट्या, एक कॉम्प्युटर, आणि फक्त 'लिस्ट' छापून बघा. काहीच नसेल तर वही घ्या आणि ६४ हॉपरचा हिशेब उलटा लिहा, वरून खाली.

आणि तीन सवयी, ज्या मला महागात पडून लागल्या. एक, पहिल्यांदा स्क्रिप्टला काही हलवू देऊ नका. 'मी हे इथून तिथं टाकणार आहे' एवढंच छापायला लावा, ते वाचा, मग परवानगी द्या. दोन, हात लावायचा नाही अशा गोष्टींची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि जे ओळखू येत नाही ते 'इतर'मध्ये जाऊ द्या, अंदाजानं कुठं टाकू नका. तीन, रात्री दीडला अख्ख्या गोडाउनवर नवीन स्क्रिप्ट चालवून झोपायला जाऊ नका. कधीच.

चौथी सवय म्हणावी तर ती एवढीच, की कोड लिहायच्या आधी बघा, हे काम आत्ता कोण करतंय. आणि त्याला विचारा.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी गोडाउनवाल्याला फोन केला होता. म्हटलं, तुझी गोष्ट सांगू का, नाव घेणार नाही. म्हणाला, "सांग की. पण 'व्हायव्हा फेल'चं पण सांग." सांगितलंय, भावा.

तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात अशी पाटी नसलेली पेटी कुठली आहे? म्हणजे असा एखादा नियम, जो फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे? व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोपर्यंत काळजी घ्या, फोन चार्ज ठेवा. भेटू!